‘ताई, बटण दाबलं जात नाहीये’ : फॉर्म अडतो तेव्हा नेमकं बघायचं कुठे

नोंदणी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन ठरलेला. "ताई, सगळं भरलं, पण बटण दाबलं जात नाहीये." मी लॅपटॉपवर तोच फॉर्म उघडायचे, खोटं नाव, खोटा नंबर टाकायचे आणि बटण दाबायचे. फॉर्म सुरळीत जायचा. "इकडे तर चालतंय. कॅश क्लिअर करून बघा, नाहीतर दुसऱ्या ब्राउजरमधून भरा." समोरचा माणूस "बरं" म्हणून फोन ठेवायचा. त्यातल्या काहींचा अर्ज नंतर यायचा, काहींचा कधीच यायचा नाही. एका संस्थेची ही वेबसाइट मी काही वर्षं सांभाळते आहे आणि दर फेरीला हाच प्रकार.

सर्व्हरचा लॉग (तिथे काय घडलं याची नोंद) उघडला तर त्यात काहीच नाही. एकही एरर नाही. त्यामुळे मी मनाशी ठरवून टाकलं होतं की दोष लोकांच्या फोनचा. खरी गोष्ट अगदी सोपी होती, आणि ती लक्षात यायला लाज वाटावी इतका वेळ लागला. जो फॉर्म ब्राउजरनेच अडवला, तो सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. दारातून परत गेलेल्या माणसाची सही आतल्या रजिस्टरमध्ये कशी सापडणार? मी रोज रजिस्टर तपासत होते आणि दाराकडे बघतच नव्हते.

हीच तक्रार तुमच्याकडेही फिरून फिरून येत असेल, तर खालचा शोध कामाला येईल. कारणं सापडली त्याच क्रमाने लिहिते आहे, महत्त्वाच्या क्रमाने नाही.

आधी शेजारी बसा

कोड उघडायच्या आधी एक करा: ज्याचा फॉर्म अडलाय त्याच्या शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. मला हे योगायोगाने करावं लागलं. एक काका स्वतःच कार्यालयात आले, हातात फोन. मी म्हटलं, "काका, तुम्ही भरा, मी नुसती बघते."

नाव भरलं. पत्ता भरला. मग जन्मतारीख. त्या चौकटीवर बोट टेकवलं की कॅलेंडर उघडायचं, आणि ते उघडायचं चालू महिन्यावर. मागे जायला डावीकडे एक बाण, एका दाबात एक महिना. साठीतल्या माणसाला स्वतःच्या जन्मापर्यंत पोचायला तो बाण ७२० वेळा दाबावा लागतो. वरच्या साल-महिन्याच्या अक्षरांवर दाबलं की सालांची यादी उघडते, हे मला माहीत होतं, कारण ते कॅलेंडर मीच बसवलं होतं. काकांना ते कळायचं काही कारण नव्हतं. ती अक्षरं बटणासारखी दिसतच नव्हती.

काकांनी दहा-बारा वेळा बाण दाबला, मग कंटाळून समोर होती ती तारीख टेकवली. फॉर्मच्या हिशेबी आता काका एक वर्षाचे झाले. वय अठराच्या आत, म्हणून खाली एक नवीन रकाना उगवला: ‘पालकांचे नाव (आवश्यक)’. काका हसले. "माझे पालक आता कुठून आणू?" मग पुन्हा कॅलेंडर, पुन्हा खटपट, शेवटी सालांची यादी सापडली. तारीख बरोबर झाली. पालकांचा रकाना गायब झाला. बाकीचं भरून काकांनी खालचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

लाल अक्षरं नाहीत, गोल फिरणारं चक्र नाही, काही नाही. काकांनी आणखी तीनदा दाबलं, जरा जोर लावून. मग माझ्याकडे बघितलं.

झालं असं होतं: पालकांचा रकाना मी डोळ्यांआड केला होता, पण त्याच्यावरचा ‘आवश्यक’ हा शिक्का काढला नव्हता. ब्राउजर बटण दाबल्यावर सगळे आवश्यक रकाने तपासतो, दिसणारे आणि लपवलेलेही. लपवलेला रकाना रिकामा, म्हणून फॉर्म अडवला. आता माणसाला तिथे नेऊन दाखवायचं, तर जागाच दिसत नाही. मग ब्राउजर गप्प बसतो. डेव्हलपरच्या कन्सोलमध्ये (बनवणाऱ्यासाठीच्या, एरवी न दिसणाऱ्या खिडकीत) एक ओळ लिहितो की अमुक रकान्यावर फोकस नेता येत नाही, आणि तेवढंच. फोनवर कन्सोल बघतो कोण?

आणि माझ्याकडे का चालायचं? कारण मी दर वेळी पहिल्याच फटक्यात बरोबर तारीख टाकायचे. पालकांचा रकाना माझ्यासमोर कधी उगवलाच नाही. ज्याची आधी चूक झाली आणि मग ज्याने ती सुधारली, फक्त त्याचाच फॉर्म मरत होता. असा दोष पकडायचा तर आपणही चुकायला हवं, आणि बनवणारा माणूस स्वतःच्या फॉर्ममध्ये सहसा चुकत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची. रकाना लपवताना त्याला ‘डिसेबल्ड’ (बंद) करायचं, दाखवताना ते काढायचं. डिसेबल्ड रकाना ब्राउजर तपासत नाही आणि त्यातला मजकूर पाठवतही नाही, म्हणजे चुकून कुणी पालकांचं नाव अर्धवट टाकलं असेल तर तेही जात नाही. पण खरी दुरुस्ती वरच्या टोकाला होती: जन्मतारखेचं कॅलेंडर काढून टाकलं आणि दिवस, महिना, साल अशा तीन साध्या चौकटी दिल्या. कॅलेंडर पुढच्या आठवड्यातली भेट ठरवायला चांगलं, कारण तिथे वार बघायचा असतो. स्वतःची जन्मतारीख माणसाला पाठ असते. ती त्याला लिहू द्यावी.

दारावर रजिस्टर ठेवा

काका गेल्यावर वाटलं, अजून किती जण असे अडकत असतील? मग अडलेल्या फॉर्मची नोंद ठेवायला सुरुवात केली. माझ्या मते या पूर्ण लेखातली सर्वात कामाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ब्राउजर एखादा रकाना नाकारतो तेव्हा त्या रकान्यावर ‘इनव्हॅलिड’ नावाचा इव्हेंट, म्हणजे कोडला ऐकता येणारी घटना, घडतो. हा इव्हेंट वरच्या घटकांपर्यंत चढत जात नाही, त्यामुळे पूर्ण फॉर्मवर एकच कान लावायचा असेल तर तो कॅप्चर टप्प्यात, म्हणजे ती घटना वरून खाली रकान्याकडे येत असतानाच, लावावा लागतो. नाहीतर तुम्ही ऐकत बसाल आणि काहीच ऐकू येणार नाही (मी एक दुपार तशी बसले होते). ऐकू आलं की ‘सेंडबीकन’ ही ब्राउजरची सोय वापरून सर्व्हरला एक छोटी चिठ्ठी पाठवायची: कुठला रकाना, कुठल्या नियमाने अडवला, कितव्यांदा. पान बंद होत असलं तरी ही चिठ्ठी सहसा पोचते. तुमची तपासणी स्वतः लिहिलेल्या जावास्क्रिप्टने (ब्राउजरमध्ये चालणाऱ्या कोडने) होत असेल, तर तिथेही जिथे ‘चूक’ ठरवता तिथेच ही चिठ्ठी जोडा.

एक पथ्य पाळायचं. माणसाने रकान्यात काय टाइप केलं ते चिठ्ठीत अजिबात घालू नका. नाव, नंबर, पासवर्ड यातलं काहीही नाही. रकान्याचं नाव आणि नियमाचं नाव एवढं पुरतं. मजकूर न बघता कारण कसं कळणार, अशी शंका येईल. पण एकाच रकान्यावर एकच माणूस सहा वेळा अडतोय हे दिसलं, की त्या रकान्याचा नियम आपण स्वतःच नव्या नजरेने वाचतो.

पहिल्या चार दिवसांतच वर आले ते दोन रकाने: मोबाइल नंबर आणि नाव. हे दोन रकाने माणसं चुकवतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. माणसं चुकवत नव्हतीच.

मोबाइल नंबर: दहा आकडे, तरी ‘दहा आकडे टाका’

माझा नियम होता, दहा अंक हवेत. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासायच्या खुणांच्या भाषेत) अंकासाठी उलटी तिरपी रेघ आणि ‘डी’ लिहायची सवय. जावास्क्रिप्टमध्ये या खुणेचा अर्थ फक्त इंग्रजी अंक. देवनागरी अंक तिला अंक वाटतच नाहीत, आणि त्यांची संख्या करायला गेलं तर ‘ही संख्या नाही’ असं उत्तर येतं. मराठी कळफलक लावलेला असला की काही फोनवर आकडेही देवनागरी उमटतात. माणसाने दहाच्या दहा आकडे बरोबर टाकलेले, आणि खाली लाल ओळ: ‘कृपया दहा अंकी नंबर टाका’. तो मोजतो, दहाच भरतात. परत मोजतो.

गंमत म्हणजे सर्व्हरवरचा कोड पायथॉन या भाषेत होता. पायथॉन ३ मध्ये तीच खूण देवनागरी अंकही स्वीकारते आणि त्यांची बरोबर संख्याही करते. म्हणजे आतला माणूस ‘या’ म्हणायला तयार, आणि दारावरचा रखवालदार आत सोडत नाही.

उपाय: आधी रूपांतर, मग तपासणी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी ० ते ९ एका ओळीत सलग बसलेले आहेत, त्यामुळे एका वजाबाकीत काम होतं. त्याच फेरीत मधल्या मोकळ्या जागा, आडव्या रेघा, कंस हेही काढून टाका. कॉन्टॅक्टमधून कॉपी केलेल्या नंबरासोबत कधीकधी डोळ्याला न दिसणारी दिशादर्शक चिन्हंही येतात, तीही गाळा. हे काम यंत्राचं आहे. ‘मध्ये जागा सोडू नका’ अशी सूचना लिहिण्याइतक्याच वेळात जागा काढणारी ओळ लिहून होते, तरी वर्षानुवर्षं आपण सूचनाच लिहितो.

चौकटीला ‘इनपुटमोड न्यूमरिक’ द्या, म्हणजे फोनवर थेट आकड्यांचा कळफलक उघडतो आणि बराचसा प्रश्न तिथेच मिटतो. ‘टाइप नंबर’ मात्र नंबरासाठी नको. त्यातला मजकूर संख्या म्हणून हाताळला की सुरुवातीचं शून्य हरवतं, आणि डेस्कटॉपवर माउसचं चाक फिरलं की काही ब्राउजरमध्ये आकडा आपोआप बदलतो. मोबाइल नंबर, पिनकोड, ओटीपी या संख्या नाहीतच. त्यांची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. ब्रिटनच्या सरकारी डिझाइन सिस्टिमनेही २०२० मध्ये अशाच काही कारणांनी ‘टाइप नंबर’ सोडून ‘इनपुटमोड’ धरला.

नाव: ‘कमल’ चालते, ‘सुनीता’ चालत नाही

हे कारण शोधताना मी खरोखर चक्रावले. कुणीतरी कळवलं होतं की मराठीत नाव घेत नाही. मी ‘कमल’ टाकून बघितलं. घेतलं. म्हटलं, घेतंय की. नंतर ‘सुनीता’ टाकलं आणि अडलं.

फक्त इंग्रजी अक्षरं चालतील हा जुना नियम मी आधीच बदलला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. नवा नियम: युनिकोडमध्ये ज्याला ‘अक्षर’ म्हटलंय ते सगळं चालेल. पण युनिकोडच्या वर्गवारीत क, म, ल ही अक्षरं. उकार, वेलांटी, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही ‘चिन्हं’. वेगळा वर्ग. ‘कमल’मध्ये एकही चिन्ह नाही म्हणून ते सुटलं, ‘सुनीता’ पहिल्याच उकाराला अडखळली. मदन, शरद, कमल एवढ्यांनाच प्रवेश असलेला तो फॉर्म होता.

नियमात चिन्हांचा वर्ग जोडून भागतं. मी तसं केलं नाही. नावाच्या रकान्याला आता नियमच नाही. रिकामा नसावा, एवढंच. नाव कसं असावं हे ठरवणारे आपण कोण? एकच शब्दाचं नाव असतं, मध्ये टिंब असतं, आडवी रेघ असते. लांबीची मर्यादा ठेवायचीच असेल तर सढळ ठेवा. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणक ते चार मोजतो (श, हलन्त, र, वेलांटी), आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ते १२ बाइट खातं. ‘कमाल २० अक्षरे’ ही मर्यादा देवनागरीत केवढी तोकडी पडते ते यावरून लक्षात येईल.

ईमेलचं दुखणं याच जातीचं पण लहान. फोनच्या कळफलकाने सुचवलेला पत्ता टेकवला की शेवटी एक मोकळी जागा आपोआप पडते. रकाना साधा मजकुराचा असेल आणि नियम कडक असेल, तर पत्ता चूक ठरतो. ती जागा डोळ्यांना दिसत नाही. ‘टाइप ईमेल’ वापरला तर ब्राउजर अशी मागची-पुढची जागा स्वतःच छाटतो.

बटण राखाडी, तेही कायमचं

सगळं भरल्याशिवाय सबमिट बटण चालूच करायचं नाही, ही कल्पना कागदावर छान दिसते. मीही तिच्या प्रेमात होते. प्रत्यक्षात बंद बटण माणसाला काही सांगत नाही. काय राहिलंय? कुठे राहिलंय? उत्तर नाही. त्यावर दाबून काहीच होत नाही, म्हणून ‘बटण दाबलं जात नाहीये’.

त्यात माझी तपासणी कळ सोडल्याच्या इव्हेंटवर बांधलेली. ब्राउजरने साठवलेली माहिती आपोआप भरली, किंवा कुणी माउसने पेस्ट केलं, तर कळ दाबलीच जात नाही. रकाने सगळे भरलेले, बटण राखाडीच. ‘इनपुट’ इव्हेंटवर तपासणी हलवली की हे सुटतं. पण मी बटण बंद ठेवणंच सोडून दिलं. बटण नेहमी चालू. दाबा, आणि काय राहिलंय ते फॉर्म सांगेल.

रंगाबद्दल थोडं, कारण माझं चालू बटणही बंद वाटत होतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची ही तत्त्वं) साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर #७७७७७७ हा राखाडी ४.४८ भरतो, म्हणजे नापास. #७६७६७६ हा ४.५४ भरतो, पास. डोळ्याला दोन्ही सारखेच. माझा होता #९९९९९९, जो तीनच्याही खाली येतो. उन्हात फोन धरला की त्या बटणावरचं ‘पाठवा’ पुसून टाकल्यासारखं दिसायचं. बंद बटणांना या नियमातून सूट आहे, आणि तेवढ्याच कारणासाठी बंद बटणं टाळावीत असं माझं मत झालंय.

चूक सांगितली, पण कुणाच्या नजरेला पडली?

मोबाइलवर लांबलचक फॉर्म. बटण तळाशी, चूक सांगणारी ओळ पार वर, तिसऱ्या रकान्याखाली. माणूस तळाशी उभा. त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. नोंदवहीत असे लोक ओळखू येतात: एकच रकाना, काही सेकंदांत चार-पाच वेळा नाकारलेला. म्हणजे बटण दाबत सुटलेत.

आता मी दोन ठिकाणी सांगते. फॉर्मच्या डोक्यावर एक चौकट: ‘२ गोष्टी राहिल्यात’, आणि खाली त्या दोन रकान्यांच्या लिंक. बटण दाबल्यावर फोकस त्या चौकटीवर नेते, म्हणजे पान आपोआप वर सरकतं आणि ऐकून वापरणाऱ्याच्या स्क्रीन रीडरलाही ती वाचावी लागते. शिवाय प्रत्येक रकान्याला लागून त्याची ओळ. वर चिकटून बसणारी पट्टी असेल तर रकाना तिच्या मागे लपतो. त्यासाठी सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘स्क्रोल पॅडिंग टॉप’ला त्या पट्टीच्या उंचीइतकी जागा द्या.

ओळीतले शब्दही बदलले. ‘अवैध इनपुट’ काढलं. ‘साल चार आकडी लिहा, जसे १९६२’ असं लिहिलं. सूचना रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ठेवण्याची सवयही सोडली, कारण टाइप करायला लागलं की ती पुसली जाते, आणि नेमकी चूक झाल्यावर वाचायला काही उरत नाही. रकान्याचं नाव रकान्याच्या वर, कायमचं.

आणि चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका. त्याहून लहान असली की आयफोनवरची सफारी त्या चौकटीवर झूम करते, पान एका बाजूला सरकतं, आणि उजवीकडचं बटण पडद्याबाहेर जातं. ‘बटणच नाहीये’ ही तक्रार मला अशी आली होती.

फोटो जोडला की सगळं कोरं

ही तक्रार ऐकायला इतकी विचित्र की मी ती दोन वर्षं गैरसमज म्हणून सोडून दिली: "फोटो लावला की फॉर्म म्हणतो नाव भरा, पत्ता भरा. सगळं तर भरलंय."

ते खरं सांगत होते. संस्थेचा हा दुसरा, जुना फॉर्म पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत होता. पीएचपीमध्ये एका वेळी येणाऱ्या एकूण मजकुराला मर्यादा असते, मूळ सेटिंग ८ एमबी. ती ओलांडली की पीएचपी नुसता फोटो नाकारत नाही, फॉर्ममधलं सगळंच टाकून देतो. आपल्या कोडला नाव रिकामं, पत्ता रिकामा, सगळं रिकामं दिसतं, आणि तो इमाने इतबारे ‘नाव भरा’ म्हणतो. एका फाइलची वेगळी मर्यादा असते, मूळ २ एमबी. पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला असेल तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात फक्त १ एमबी; तो ४१३ हा कोड देऊन माणसाला बाहेरूनच परत पाठवतो आणि तुमच्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये पुन्हा शुकशुकाट. आजच्या फोनचा एक फोटो सहज ३-४ एमबी होतो.

तिन्ही आकडे एकमेकांशी जुळवून घ्या: सर्वात बाहेरचा सर्वात मोठा. पण त्याआधी फोटो ब्राउजरमध्येच लहान करा. कॅनव्हासवर (ब्राउजरमधल्या चित्र काढायच्या जागेत) १२०० पिक्सेल रुंदीला आणून जेपीईजी काढला की फाइल बहुतेक वेळा काही शे केबीत बसते. ‘फोटो २०० केबीच्या आत आणा’ हे वाक्य मी काढून टाकलं. फोटोचे केबी घरबसल्या कमी कसे करायचे, ते बहुतेकांना माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही.

भरता भरता वेळ संपली

पीएचपीचं सत्र (सर्व्हर भरणाऱ्या माणसाला लक्षात ठेवतो तो काळ) मुळात १४४० सेकंदांवर असतं, म्हणजे २४ मिनिटं. त्यानंतर ते केव्हाही साफ होऊ शकतं. कागदपत्रं शोधत शोधत फॉर्म भरणाऱ्याला अर्धा तास सहज लागतो. मी तोच फॉर्म दोन मिनिटांत भरते, म्हणून मला हे दिसलं नाही. मुदत वाढवा, आणि संपत आली की विचारा. डब्ल्यूसीएजीची अट अशी की मुदत वाढवायला माणसाला निदान २० सेकंद मिळावीत आणि एका साध्या कृतीत ती वाढावी.

कमी मेमरीच्या फोनवर आणखी एक होतं. ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये जातो, किंवा फोटो काढायला कॅमेरा उघडतो. तेवढ्यात फोन मागचा टॅब मारून टाकतो. परत आल्यावर पान नव्याने उघडतं, कोरं करकरीत. म्हणून भरलेला मजकूर ब्राउजरच्या सेशन स्टोरेजमध्ये (त्या टॅबपुरत्या साठ्यात) दर रकान्यानंतर जपून ठेवा आणि परत आल्यावर जागच्या जागी भरा. पासवर्ड आणि ओटीपी तेवढे वगळा. ओटीपीच्या चौकटीला ‘ऑटोकम्प्लीट’मध्ये ‘वन-टाइम-कोड’ द्या; पुष्कळ फोन मेसेजमधला आकडा मग स्वतःच पुढे करतात. आणि पेस्ट बंद करू नका. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात पासवर्ड पेस्ट करू द्यावा असं स्पष्ट म्हटलंय, तरी पेस्ट बंद ठेवलं की सुरक्षा वाढते हा समज काही हटत नाही.

पान हलण्याचा त्रास मी थोडक्यात उरकते. चित्रांना रुंदी-उंची दिलेली नसली की ती उशिरा येतात आणि बटणाला खाली ढकलतात. बोट पडतं भलत्याच ठिकाणी. कोडमध्ये दोन्ही आकडे लिहा. गूगलच्या मापात हे हलणं ०.१ च्या आत असावं. बटणाचा आकार डब्ल्यूसीएजी २.२ प्रमाणे किमान २४ बाय २४ पिक्सेल, पण बोटाचा विचार केला तर मी ४४ च्या खाली जात नाही.

पुढच्या फेरीआधीची माझी तालीम

आता नोंदणी उघडायच्या आदल्या आठवड्यात मी हे करते. फॉर्म मुद्दाम चुकवत भरते: आधी चूक तारीख, मग बरोबर. मराठी कळफलकावरून सगळे आकडे. पेस्ट करून. नुसत्या टॅब कळीने, माउसला हात न लावता. पान २०० टक्के मोठं करून. अर्ध्यावर सोडून, चहाला जाऊन, परत येऊन. सर्वात मोठा सापडेल तो फोटो लावून. आणि नेट मुद्दाम हळू करून बटण दाबते: दाबल्यावर लगेच ‘पाठवत आहे…’ दिसलं नाही तर माणूस परत दाबतो आणि एका माणसाचे दोन अर्ज येतात.

मग माणसं. वेबसाइट वापरायला किती सोपी याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास सापडतात. तो ३१ चा आकडा प्रत्येक साइटला लागू पडेलच असं नाही. पण मला पाच कधी लागले नाहीत. दुसऱ्याच माणसानंतर इतकी दुरुस्ती निघते की बाकी तिघांना थांबवून आधी ती करावी लागते, आणि मग नव्या फॉर्मवर नवी माणसं. बघताना मदत करायची नाही, हे सर्वात अवघड. हात शिवशिवतात.

फोन अजूनही येतात, पण मी आता कॅश क्लिअर करायला सांगत नाही. विचारते: "बटण दाबल्यावर पडद्यावर काय बदललं? आणि त्याआधी काही टाकून परत बदललं होतं का?" दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, ते एक चुकलं होतं, पण मी नीट केलं." तिथेच बघायचं.

गेल्या फेरीच्या नोंदवहीत सर्वात वर होता ‘ईमेल पुन्हा लिहा’ हा रकाना. निम्म्याहून जास्त नकार त्याचेच. लोक वरचा पत्ता कॉपी करून खाली पेस्ट करतात, त्यामुळे चूक असली तर तीही जशीच्या तशी उतरते, आणि जे हाताने लिहितात ते अडतात. पुढच्या फेरीत तो रकाना असणार नाही. त्याऐवजी पाठवण्याआधी पत्ता मोठ्या अक्षरांत दाखवून ‘हाच ना?’ विचारायचं ठरवलंय. संस्थेतल्या लोकांना ते अजून पटलेलं नाही. नोंदवहीची पानं छापून पुढच्या बैठकीला नेणार आहे.